रोल नंबर ४८ ते ६३ : १९७२च्या एका स्नेहमेळाव्याच्या पत्रव्यवहाराच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

पेटी आज ताब्यात आली. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या ताईंची इमारत पुनर्विकासाला जाते आहे, दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं आहे. माळ्यावरून पत्र्याची पेटी निघाली. आत त्यांच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, पत्रव्यवहार. अण्णा १९४७ साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. पंचवीस वर्षांनी, १९७२मध्ये, त्यांनी आपल्या वर्गाचा स्नेहमेळावा भरवला. त्याची सगळी पत्रं या पेटीत आहेत.

वरवर पाहता पोस्टकार्डं, आंतर्देशीय पत्रं, पाकिटं, जवाबी कार्डांचे (उत्तरासाठी कोरा अर्धा भाग जोडलेल्या पोस्टकार्डांचे) परत आलेले अर्धे भाग, सायक्लोस्टाइल केलेली, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढलेली पत्रकं, वर्गणीचा हिशेब आणि एक लांबट, रेघांची वही. मेळाव्याचा फोटो एकच. कार्यक्रमाबद्दल कागद जवळजवळ नाहीत, भाषणं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. जे आहे ते सगळं त्या दिवसाच्या आधीचं आणि थोडं नंतरचं. म्हणजे आपल्या हाती आहे तो मेळाव्याचा इतिहास नव्हे, माणसं शोधण्याचा इतिहास आहे. मला तो जास्त मोलाचा वाटतो.

ताईंची अट एकच: कॉलेजचं आणि पत्रं लिहिणाऱ्यांचं नाव जाहीर नोंदीत येऊ नये. बरेच जण आज नाहीत, पण त्यांच्या घरचे लोक मुंबईतच आहेत. अट मान्य.

१५ जून, शनिवार

आजचा दिवस सफाईचा. पाऊस आला आहे आणि मुंबईच्या जून-जुलैच्या हवेत जुना कागद उघडा ठेवणं म्हणजे बुरशीला बोलावणं. खोलीची दारं बंद, पंखा पत्रांच्या अंगावर येणार नाही असा, प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

टाचण्या सगळ्या गंजलेल्या. टाचणी ओढायची नाही. कागद आणि टाचणीच्या मधे पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवायची, टाचणी सैल करायची, मग बाहेर घ्यायची. रबर बँड वितळून पाकिटांना चिकटले होते, ते सुकून भुगा झालेले असल्याने मऊ ब्रशने निघाले. सेलोटेपला हात लावला नाही. पिवळा पडला आहे, पण ओढला तर शाईसकट वरचा थर निघेल. ते काम कागदाच्या जाणकाराचं.

काही पाकिटांना कसर लागली आहे, मजकुराला मात्र नाही. अण्णांनी पेटीत कडुलिंबाचा पाला घातला असावा, तळाशी काड्या सापडल्या.

आमच्याबरोबर स्कॅनिंग करणाऱ्या मुलाने पहिली पत्रं ४०० डीपीआयने घेतली. पत्राच्या दोन्ही बाजू, पाकिटाच्याही दोन्ही बाजू, कोऱ्या असल्या तरी. हा नियम त्याला जाचक वाटला. मी त्यावर अडून राहिले. पाकिटाची मागची बाजू किती बोलते हे पुढे कळेलच.

२२ जून, शनिवार

पत्रांचा क्रम लावायला घेतला. निम्म्याहून जास्त पत्रांवर तारीखच नाही. काहींवर नुसता वार, काहींवर ‘आश्विन व. ३, शके १८९४’. हे सोपं, शके १८९४ म्हणजे १९७२ आणि आश्विन वद्य म्हणजे ऑक्टोबर संपत आलेला. पण नुसत्या ‘शुक्रवार, रात्र’चं काय करायचं?

इथे पोस्ट खातं मदतीला आलं. पेटीत १९७२च्या मेळाव्याच्या पत्रांत पुढच्या वर्षांची पत्रंही मिसळली आहेत. त्यांना वेगळं काढायला शरणार्थी सहायतेचं तिकीट कामाला आलं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून ३१ मार्च १९७३पर्यंत पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. आधी कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर छापून घेतलेलं, मग १ डिसेंबरपासून स्वतंत्र चित्राचं. पाकिटावर ते दिसलं की पत्र आपल्या काळातलं.

दुसरी खूण पिनकोड. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी. त्याआधी मुंबईत विभागाचा आकडा लिहीत: दादर पूर्व मुंबई १४, शिवाजी पार्क मुंबई २८, गिरगाव मुंबई ४, माटुंगा मुंबई १९, पार्ले मुंबई ५७. पिनकोड आला तेव्हा हेच आकडे शेवटी ठेवून पुढे ४०० लागलं. अण्णांच्या पत्त्याचा रबरी शिक्का जुना, ‘मुंबई १४’चा. पहिल्या पत्रकावर तो तसाच आहे. दुसऱ्या पत्रकाच्या प्रतींवर त्यांनी १४च्या आधी हाताने ‘४०० ०’ लिहिलंय. नवा शिक्का करण्याचे पैसे वाचवले आणि आम्हाला तारीख दिली.

यात एक जपायला हवं. पिनकोड असला तर पत्र १५ ऑगस्टनंतरचं हे नक्की. पिनकोड नसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. लोक पुढे कितीतरी वर्षं ‘मुंबई २८’ लिहीत राहिले. म्हणून तक्त्यात ‘१९७२-०८ नंतर’ असा रकाना केला, ‘आधी’ असा केला नाही.

वरळीच्या एका पत्रात परवा मुंबईत टेलिव्हिजन सुरू झाल्याचा उल्लेख आहे. ते केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. तेव्हा ते पत्र ४ ऑक्टोबरच्या आसपासचं. पोस्टाचा शिक्का पुसट आहे, तरी भिंगातून ५चा आकडा वाचता येतो.

सगळ्यात जुनं पत्र डिसेंबर १९७१चं. युद्ध चालू होतं, मुंबईत ब्लॅकआउट. अण्णांनी गिरगावात चार जणांची पहिली बैठक ठरवली होती, ती ‘अंधारपटामुळे’ पुढे ढकलल्याचं कार्ड.

६ जुलै, शनिवार

आज वही नीट वाचली. या संग्रहाची किल्ली तीच आहे.

अण्णांनी वहीत १ ते ६३ आकडे उभे मांडले आहेत. प्रत्येक आकड्यापुढे नाव, पत्ता, ‘पत्र धाडले ता.’, ‘उत्तर आले ता.’ असे रकाने. हे वर्गातले रोल नंबर. छापील यादी त्यांच्यापाशी नव्हती, बी.ए.च्या वर्गातल्या हजेरीच्या आठवणीवरून त्यांनी ती बांधली. पहिल्या पत्रकात लिहिलं की ज्याला आपला नंबर चुकलेला वाटेल त्याने कळवावं.

मग उत्तरं आली. पंचवीस वर्षांनी लोकांना आपला नंबर पाठ! परळच्या एका शाळामास्तरांनी कळवलं की १९ आपण नव्हे, आपण २०, कारण ‘येस सर’ म्हणायच्या आधी दर वेळी शेजाऱ्याचा खोकला ऐकू यायचा. नागपूरहून एकांनी अख्ख्या तिसऱ्या बाकाची ओळ लिहून पाठवली. अण्णांनी खोडलं, वर लिहिलं, पुन्हा खोडलं. काही पानांवर कागद झिजून आरपार दिसतो.

पुढच्या पत्रांत लोक सहीच्या खाली किंवा सहीऐवजी नंबर घालू लागले. ‘कळावे, लोभ असावा, तुझा २०.’ बँकेत मोठ्या हुद्द्यावर गेलेले एक जण छापील नावाच्या कागदावर लिहितात आणि खाली फक्त ‘७’.

आमच्यासाठी हे वरदान आहे. नावं जाहीर करायची नाहीत, तर सूची रोल नंबरांवरच करायची. फाइलचं नावही तसंच: रोल नंबर, वर्ष, महिना, पान. ताईंना कल्पना सांगितली. त्या म्हणाल्या, “अण्णा असते तर हेच म्हणाले असते.”

२० जुलै, शनिवार

४८ ते ६३ हे नंबर मुलींचे. या यादीत मुली शेवटी आहेत. वहीतली ही पानं बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसतात आणि मी आज दिवसभर त्यांच्यातच होते.

पुरुषांच्या पुढे एक नाव आणि तीन-चार खोडलेले पत्ते. मुलींच्या पुढे एक पत्ता आणि तीन-चार नावं. १९४७च्या सुमारास लग्न झालेल्या आपल्याकडच्या बहुतेक मुलींचं आडनाव बदले, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येई आणि पुष्कळदा स्वतःचं नावही तांदळात बोट फिरवून नवं लिहिलं जाई. म्हणजे वर्गात तीन शब्दांनी ओळखल्या जाणाऱ्या मुलीचा एकही शब्द उरत नसे. टेलिफोनच्या पुस्तकात तर फोन नवऱ्याच्या नावावर, आणि तोही असला तर. अशा माणसाला १९७२ साली मुंबईत शोधायचं कसं?

अण्णांनी माहेर धरलं. ५१ नंबरचं माहेर ठाकूरद्वारच्या एका चाळीत होतं, तिथे भावाच्या नावे कार्ड टाकलं. भावाने सासरचा पत्ता दिला, इंदूरचा. इंदूरहून कार्ड परत आलं, कारण यजमानांची बदली जबलपूरला. जबलपूरहून उत्तर. पाच महिने गेले. ५६चं माहेर राहिलंच नव्हतं, आईवडील वारलेले, जागा दुसऱ्याची. तिचा पत्ता लागला ५३कडून, कारण दोघी हळदीकुंकवाला भेटल्या होत्या. एकीने दुसरीचा पत्ता द्यायचा, दुसरीने तिसरीचा. मुलींच्या पानांवर रकान्याबाहेर अण्णांनी बाण काढले आहेत: ५३ → ५६ → ६०. पुरुषांच्या पानांवर एकही बाण नाही.

या सोळाजणींपैकी अकरा जणींचा पत्ता लागला. आमच्या सूचीत प्रत्येकीच्या खाली सगळी नावं जातील, माहेरचं, सासरचं, पत्रावर तिने जे लिहिलं ते, आणि मुख्य नोंद रोल नंबरची. साधारण पद्धत अशी की शेवटचं नाव मुख्य धरायचं आणि बाकीची ‘पाहा’ म्हणून टाकायची. इथे ते चालणार नाही. ज्या नावाने ती वर्गात होती त्या नावाने तिला शोधणारा आणि ज्या नावाने तिच्या नातवंडांना ती ठाऊक आहे त्या नावाने शोधणारा, दोघेही एकाच जागी पोचले पाहिजेत.

३ ऑगस्ट, शनिवार

मोठा दिवस.

स्कॅन मोठे करून पाहताना सहकाऱ्याने विचारलं की ४८पासून पुढच्या पाकिटांवरचा पत्ता दुसऱ्या कुणी लिहिला आहे का. ही पाकिटं परत आलेली, म्हणून पेटीत. पाहिलं तर खरंच. अण्णांचं अक्षर उजवीकडे कललेलं, घाईचं, रेफ लांब ओढलेले. हे अक्षर सरळ, सुटं, प्रत्येक शब्दावर वेगळी शिरोरेघ. पाकिटं उलटून पाहिली. मागे पाठवणाऱ्याचं नाव अण्णांचं नाही. ‘सौ.’ लावून ताईंच्या आईचं.

ताईंना फोन केला. त्या संध्याकाळीच आल्या, येताना आईची रेशनच्या हिशेबाची वही घेऊन आल्या. वही शेजारी ठेवली आणि त्यांना विचारायची गरज उरली नाही. तोच ‘ल’, तोच आकड्यातला ५, डोक्यावर आडवी रेघ असलेला.

परत आलेल्या पाकिटांतली दोन अजून बंद होती. ताईंच्या संमतीने एक उघडलं. आत अण्णांचं पत्रक आणि त्याला जोडलेलं आईंचं स्वतंत्र पत्र. ‘आमचे हे आपल्याबरोबर शिकत होते’ अशी ओळख, मग घरी सगळे कसे आहेत याची चौकशी, मग मेळाव्याला मीही असणार आहे, तेव्हा आपण संकोच करू नये, यजमानांना व मुलांनाही आणावं. शेवटी ‘उत्तर माझ्या नावे धाडलेत तरी चालेल.’

ताई बराच वेळ ते पत्र वाचत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीने इथे नोंदवते. आई मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, कॉलेजात गेलेल्या नव्हत्या. लग्न झालेल्या बाईच्या नावे परक्या पुरुषाच्या अक्षरातलं पत्र घरात आलं, तर ते पहिल्यांदा सासऱ्यांच्या हातात पडतं आणि मग त्या बाईला उत्तरं द्यावी लागतात, हे अण्णांच्या नाही, आईंच्या लक्षात आलं असणार. ताई तेव्हा कॉलेजात होत्या. दुपारी आई पाटावर बसून पाकिटं लिहीत, हे त्यांना आठवतं. ती कुणाला लिहितात, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मुलींकडून आलेली अकरा उत्तरं पुन्हा काढली. त्यांतली आठ आईंच्या नावे आहेत, अण्णांच्या नाही. आम्ही ती ‘घरगुती’ म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवली होती, कारण ती जिच्या नावे होती ती वर्गातली नव्हती. आज सगळी मूळ क्रमात आणली.

यादीवर संग्रहाचं नाव ‘अण्णांचा पत्रव्यवहार’ असं होतं. आजपासून दोघांचं नाव. वर्गातल्या ज्या मुली सापडल्या त्या ताईंच्या आईंमुळे सापडल्या, आणि हे त्यांच्या हयातीत कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

दुसऱ्या पत्रकात अण्णांनी प्रत्येकाकडून कॉलेजच्या दिवसांची एक आठवण मागवली होती. तो गठ्ठा आज वाचला.

हा वर्ग जून १९४३मध्ये कॉलेजात आला. मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालेलं. फर्स्ट इयर संपता संपता, १४ एप्रिल १९४४ला, शुक्रवारी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला. बोटीवर कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र. पहिल्या स्फोटानंतर अर्ध्या तासाने दुसरा. या एका दिवसाबद्दल नऊ आठवणी आहेत आणि त्यांतल्या चार बायकांच्या. ४९ नंबर गिरगावात गच्चीवर पापड वाळत घालत होती. हादऱ्याने ती खाली बसली आणि मग पांढऱ्या पापडांवर काजळी उतरू लागली. आईने ते सगळे टाकून दिले. रेशनच्या दिवसांत इतके पापड टाकून दिले, याची चुटपुट तिला १९७२मध्येही आहे.

फेब्रुवारी १९४६च्या नाविकांच्या उठावाच्या आठवणी मात्र जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या. ते रस्त्यावर होते, संपात होते, परळ-लालबागला गोळीबाराचे आवाज ऐकत होते. मुलींना त्या आठवड्यात घराबाहेर सोडलंच नव्हतं. एकीने तेवढंच लिहिलं आहे: मला सांगण्यासारखं काही नाही, आमच्या चाळीचा दरवाजा बंद होता. ही ओळही सूचीत ‘१९४६, नाविकांचा उठाव’ या विषयाखाली जाईल. बंद दरवाजाआडून काय दिसलं, हीसुद्धा त्या दिवसांची साक्ष आहे.

लेडीज रूमबद्दल पाच जणींनी लिहिलं आहे. तास सुरू व्हायच्या आधी मुलींनी तिथे थांबायचं, प्राध्यापक निघाले की त्यांच्या मागून ओळीने वर्गात शिरायचं आणि पुढच्या बाकांवर बसायचं. त्यामुळे त्यांना वर्गातले चेहरे फारसे ठाऊक नाहीत, हजेरीचे आवाज ठाऊक आहेत. ५८ नंबर लिहिते की तुमच्यापैकी अर्ध्यांना मी फक्त ‘येस सर’वरून ओळखते.

२४ ऑगस्ट, शनिवार

न येणाऱ्यांची उत्तरं. सहकाऱ्याचा प्रश्न रास्त होता: जे आलेच नाहीत त्यांची पत्रं इतक्या तपशिलाने कशाला टिपायची? माझं उत्तर असं की येणाऱ्याने बहुधा दोन ओळींत ‘येतो’ लिहिलं आहे. न येणाऱ्याने कारण लिहिलं, आणि कारणात १९७२ साल आहे.

दुष्काळ होता. सोलापूर जिल्ह्यात सरकारी नोकरीत असलेल्या ३३ नंबरने कळवलं की खडी फोडण्याच्या कामांवर हजेऱ्या आणि पगारवाटप चालू आहे, रजा मागायला तोंड नाही. त्याच पत्रात सुकडीच्या (मजुरांना मिळणाऱ्या कोरड्या पौष्टिक खाद्याच्या) वाटपाचं आणि लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीचं वर्णन आहे. आणि शेवटी सरळ सांगितलं आहे की अशा साली आपण पंगत घालू नये. अण्णांनी हे पत्र फिरवलेलं दिसतं, कोपऱ्यावर चार जणांच्या सह्या आहेत. तिसऱ्या पत्रकाच्या मसुद्यात जेवण खोडून ‘चहा व अल्पोपाहार’ केलं आहे, उरलेली वर्गणी दुष्काळ निधीला. पैशाच्या हिशेबाची पानं मी भरभर पुढे नेली, बेरीज जुळते.

कंपाला, युगांडा. ११ नंबर गुजराती, तिकडे शिक्षक. जूनमधलं त्याचं हवाई पत्र आनंदाचं, डिसेंबरात मुंबईला येतो, मुलांना कॉलेज दाखवतो. ऑगस्टच्या सुरुवातीला इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. पुढचं पत्र नोव्हेंबरमधलं, इंग्लंडमधल्या निर्वासितांच्या छावणीतून. पत्ता तात्पुरता आहे, असं त्याने स्वतःच लिहिलं आहे. सामानात डिग्रीचा कागद आणता आला नाही, तेव्हा कॉलेजात विचारून दाखला मिळेल का? सही ‘११’. अण्णांनी वहीत कंपालाचा पत्ता खोडला, नवा पेन्सिलीने लिहिला आणि पुढे ‘दाखला अर्ज केला’ अशी नोंद केली. दाखला मिळाल्याचं पत्र पेटीत नाही.

कराचीचा एक जण. तेव्हा कराचीची कॉलेजंही मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, तो तिथून इंटर (कॉलेजची पहिली दोन वर्षं) करून इथे आला होता आणि १९४७ला परत गेला. त्याला धाडलेलं कार्ड टपाल बंद असल्याच्या शिक्क्यासह परत आलं. दोन्ही देशांत टपाल पुन्हा सुरू व्हायला १९७४ उजाडलं. त्यानंतर अण्णांनी पुन्हा लिहिलं का, याचा पेटीत पुरावा नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

गणपतीत काम मंद होतं, ते चालायचंच.

आज ६० नंबरच्या जवाबी कार्डाचं वाचन पूर्ण झालं. उत्तराच्या अर्ध्या भागावर निळ्या शाईत, पुरुषी अक्षरात, सौभाग्यवतींना येणं जमणार नाही असं लिहून खाली यजमानांची सही आहे. त्याच्या खाली, अगदी कडेला, पेन्सिलीने एक ओळ मोडीत. इतके दिवस आम्ही ती रेघोटी समजून ‘अवाचनीय’ या रकान्यात ठेवली नव्हती, ‘तज्ज्ञाकडे’ ठेवली होती, हे बरं. मोडी वाचणाऱ्या बाईंनी दोनदा तपासून सांगितलं: ‘तारीख मात्र कळवावी.’ आणि पुढे साठचा आकडा.

त्या पिढीला शाळेत मोडी असे, तेव्हा घरात ती ओळ कुणालाच वाचता आली नसती असं म्हणता येत नाही. यजमानांनाही मोडी येत असेल. कदाचित त्यांच्या समोरच लिहिली असेल. एका कार्डावरून कुणाच्या संसाराचा निकाल लावू नये. आपल्याला एवढंच करता येतं की कार्डाच्या नोंदीत दोन लेखक दाखवायचे, पहिला मजकूर यजमानांचा, दुसरा ६०चा, आणि ‘उत्तर : नकार’ असं एकच लेबल तिच्या नंबरावर चिकटवायचं नाही. तिच्या नोंदीत तिची ओळ येईल.

२४ डिसेंबर १९७२च्या मेळाव्याच्या हजेरीच्या पानावर ६०पुढे खूण नाही. वर्गणीच्या पानावर मात्र आहे: पाच रुपये, हस्ते ५३.

२९ सप्टेंबर, रविवार

परवानग्यांचं काम. पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा कागद, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि आपल्या कायद्याप्रमाणे तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या वारसांकडे राहतो. तेव्हा ताईंनी पेटी दिली म्हणून आम्हाला सगळं छापता येत नाही. स्कॅन अभ्यासकाला जागेवर दाखवणं आणि पूर्ण मजकूर जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून वरच्या नोंदींत मी बहुतेक ठिकाणी सारांश दिला आहे.

वारस शोधताना तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पुरुषांच्या घरी मुलाच्या नावाने दार उघडतं. ५१च्या मुलीला शोधायला तिचंही सासर शोधावं लागलं. ती मुलुंडला आहे. आईच्या अक्षरातलं जबलपूरचं पत्र तिने आमच्या टेबलावर वाचलं आणि विचारलं की याची प्रत मिळेल का. मिळेल, अर्थात मिळेल. वारसांना छापील प्रत मोफत, हा नियम लगेच लिहून टाकला.

दोन कुटुंबांनी नाही म्हटलं. ती पत्रं बंद पाकिटात, सूचीत फक्त नंबर आणि महिना. कारण विचारलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

सूची पूर्ण. ताईंनी शेवटचा हात फिरवला, त्यांच्या आईच्या नावापुढे आम्ही ‘पत्रलेखन साहाय्य’ असं घातलं होतं ते त्यांनी खोडून ‘पत्रलेखन’ केलं. बरोबर केलं. अण्णांच्या नावापुढेही तेच आहे.

मूळ कागद आम्लरहित फोल्डरांत, फोल्डर खोक्यांत, रोल नंबरांच्या क्रमाने. टिफ फाइली (मूळ, मोठे स्कॅन) दोन वेगळ्या जागी, वाचायला हलक्या प्रती तिसऱ्या ठिकाणी. दर सहा महिन्यांनी उघडून पाहायच्या, कोण पाहणार तेही लिहून ठेवलं. पेटी ताईंकडे परत, ती त्यांना नव्या घरात हवी आहे.

राहिलेलं: सेलोटेपची पत्रं जाणकाराकडे द्यायची आहेत. दुसरं बंद पाकीट ५७चं, म्हणजे पत्ता न लागलेल्या पाच जणींपैकी एकीचं. ते आम्ही उघडलेलं नाही. तिच्या घरचं कुणी मिळालं तर त्यांच्यासमोर उघडू.

आणि तिसरं पत्रक. त्याचा मसुदा आहे, पण धाडलेली प्रत पेटीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी १९४३ ते ४७ या काळात मुंबईत शिकून बी.ए. झालेल्या आजी किंवा आजोबांचे कागद असतील, तर त्यांत सायक्लोस्टाइलचं एक पान पाहा: वर ‘॥ श्री ॥’, खाली दादर पूर्वेचा शिक्का, त्यातल्या १४च्या आधी हाताने लिहिलेलं ‘४०० ०’, आणि मजकुरात २४ डिसेंबर ही तारीख. मूळ कागद देऊ नका, तो तुमचाच आहे. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो पुरे. पानाला टाचणी असेल तर ती तशीच राहू द्या, आम्ही येऊन काढू.